सांडपाण्यातील शैवाल: वाढवणे सोपे, बाहेर काढणे अवघड
साचलेल्या सांडपाण्यावर काही दिवस ऊन पडले की ते हिरवे होऊ लागते आणि पाणी बिघडले, असे आपण म्हणतो. वास्तविक त्या हिरवेपणातील सूक्ष्म शैवाले व सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणू, पाण्यातील अमोनियम, नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून स्वतःच्या पेशी घडवत असतात. हेच क्षार तलावात पोचले तर तेथे शैवाल बेसुमार माजते आणि ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात; म्हणून ही वाढ तलावाआधीच, आपल्या ताब्यातील कुंडात घडवून आणायची, हा या पद्धतीमागील विचार आहे.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात या विचाराला अभियांत्रिकीची बैठक दिली. त्यातून पुढे आलेली कुंडे जेमतेम ३० सेंटिमीटर खोल असतात, कारण दाट हिरव्या पाण्यात प्रकाश फार खाली पोचत नाही, आणि पात्यांचे एक चाक ते पाणी संथपणे फिरवत ठेवते. जीवाणू मैला कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडतात, शैवाल तो घेऊन ऑक्सिजन परत देते. एक ग्रॅम शैवाल तयार होताना सुमारे दीड ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात याच ऑक्सिजनसाठी पाण्यात हवा सोडण्यावर विजेचा मोठा वाटा खर्च होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या देवघेवीचे मोल कळते.

खरी अडचण मात्र पुढे आहे. शैवाल पाण्यातच राहिले, तर नत्र आणि स्फुरदही पेशींच्या रूपाने तेथेच राहतात, तेव्हा ते बाहेर काढल्याशिवाय शुद्धीकरण झाले असे म्हणताच येणार नाही. क्लोरेला या एकपेशीय शैवालाची पेशी जेमतेम २ ते १० मायक्रोमीटरची असते, तिची घनता पाण्याहून किंचितच अधिक असते, आणि पृष्ठभागांवरील ऋण भारामुळे पेशी एकमेकींना दूर सारतात. त्यामुळे त्या तळाशी बसत नाहीत. तुरटीने त्यांचे पुंजके करता येतात, पण त्याचा खर्च व गाळ दोन्ही वाढतात. जीवाणूंसह आपोआप पुंजके धरणारी शैवाले वाढवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. स्पिरुलिना या सायनोबॅक्टेरियाचे मळसूत्री तंतू तर बारीक जाळीवरही अडवता येतात.

सर्वच सायनोबॅक्टेरिया मात्र या कामाचे नाहीत: मायक्रोसिस्टिसच्या अनेक प्रकारांत यकृताला घातक विष तयार होते. शिवाय शैवालाच्या पेशीभित्ती शिसे, कॅडमियम यांसारखे धातू धरून ठेवतात. कारखान्याच्या पाण्यासाठी हा गुणच आहे, परंतु असे शैवाल खत म्हणून शेतात टाकता येत नाही.