जुन्या डिझेल जीपच्या इंजिनाची शक्तिवृद्धी

झिजलेल्या किंवा मुळातच कमी शक्तीच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या फोर बाय फोर जीपची ओढ वाढविण्यासाठी केली जाणारी दुरुस्ती, जुळणी व फेरबदल. कोल्हापूर परिसरात ही कामे प्रामुख्याने महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांवर होतात. गगनबावड्याकडून कोकणात उतरणारे करूळ व भुईबावडा हे घाट, आंबा घाट, फोंडा घाट आणि पावसाळ्यातील उसाच्या शिवारवाटा यांमुळे ‘गाडी ओढत नाही’, ‘घाटात दम टाकते’ या तक्रारी येथे नित्याच्या आहेत.

इंजिनांचे मूळ : कोणती शक्तिवृद्धी शक्य आहे हे इंजिनाच्या घराण्यावर अवलंबून असते, म्हणून हा प्रश्न थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हा गाड्या पेट्रोलवर चालत. डिझेल इंजिने पुढे आली व त्यांचे दोन स्पष्ट वंश दिसतात. पहिला फ्रेंच, प्युजो कंपनीचा. ‘एक्सडीपी ४.९०’ या नावातील ४ म्हणजे सिलिंडर व ९० म्हणजे मिलिमीटरमधील बोअर (सिलिंडरचा आतील व्यास); स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३ मिमी., घनफळ २,११२ घ. सेंमी. हीच मापे प्युजो ५०४ या मोटारीच्या डिझेल आवृत्तीत आढळतात. इंधन मुख्य सिलिंडरात न जाता हेडमधील लहान उपकक्षात फवारले जाते. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधील या इंजिनाची शक्ती मिनिटाला ४,५०० फेऱ्यांना सुमारे ६२ अश्वशक्ती अशी दिली जाते. महिंद्राच्या गाड्यांतील त्याचा प्रसार साधारणपणे १९८० च्या दशकातला मानता येतो.

दुसऱ्या, ‘डीआय’ (डायरेक्ट इंजेक्शन, थेट फवारणी) वंशाविषयी मतभेद आहे. एका मताप्रमाणे हे इंजिन महिंद्राची स्वतंत्र रचना होय. दुसरे मत त्यास सरळ ‘ट्रॅक्टरचे इंजिन’ म्हणते. मापांची साक्ष दुसऱ्या मताकडे झुकते. डीआय इंजिनाचा बोअर ८८.९ मिमी. व स्ट्रोक १०१.६ मिमी., म्हणजे बरोबर साडेतीन व चार इंच. त्यावरून घनफळ २,५२३ घ. सेंमी. येते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश बी-४१४ ट्रॅक्टरमधील १५४ घनइंची इंजिनाची मापे हीच होती. त्याच घराण्यातील बी-२७५ ट्रॅक्टर १९६० च्या दशकापासून महिंद्राच्या सहभागाने भारतात तयार होत होता व त्याच्या १४४ घनइंची इंजिनाचा स्ट्रोकही चार इंचच होता. मेट्रिक पद्धत स्वीकारलेल्या देशात नव्याने आखलेल्या इंजिनाला इंचांची इतकी नेमकी मापे योगायोगाने मिळणे संभवत नाही. तथापि मूळ ब्रिटिश इंजिने उपकक्षाची होती; पिस्टनमध्येच ज्वलनकक्ष ठेवून थेट फवारणी करणे हा भारतातील फरक लहान नव्हे. तेव्हा ‘ट्रॅक्टरचे इंजिन’ हे वर्णन ब्लॉकपुरते ग्राह्य, ज्वलनापुरते नाही.

हवा आणि इंधन : डिझेल इंजिनाची शक्ती अंतिमतः आत जाणाऱ्या हवेवर ठरते. पूर्ण ज्वलनाला एक भाग डिझेलमागे वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते. पण मिश्रण एकजीव होत नसल्याने प्रत्यक्षात अठरा-वीस भागांखाली उतरताच काळा धूर सुरू होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे. तेथील हवा सुमारे पाच टक्के विरळ असल्याने टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेले इंजिन किनाऱ्यावर देते तितकी शक्ती येथे देत नाही.

पूर्वस्थिती परत मिळविणे : शक्तिवृद्धीचा सर्वांत मोठा व सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. फिटरने प्रथम चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) मोजावे. एकूण आकड्याइतकाच त्यांच्यातील फरक बोलका असतो. त्यानंतर टॅपेट, एअर फिल्टर, डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा, डिझेल पंपाचे टायमिंग व नोझल (डिझेल फवारणारे तोंड) तपासावे. प्युजोच्या एकछिद्री पिंटल नोझलचा दाब साधारण १२० बारच्या आसपास, तर डीआयच्या बहुछिद्री नोझलचा २०० च्या घरात असतो. एकाचे माप दुसऱ्याला लावल्यास ज्वलन बिघडते. पंप खोलल्यावर तो कॅलिब्रेशनच्या (डिझेलचे माप जुळविण्याच्या) बेंचवर न चढवता परत बसविणे ही अक्षम्य घाई होय. चाकांना चिकटलेले ब्रेक व घसरता क्लच यांचा दोषही पुष्कळदा इंजिनाच्या माथी मारला जातो.

या कामांसाठी लागणारे कसब कोल्हापुरात जीपच्या आधीपासून होते. पाणी उपसण्यासाठी व उसाच्या चरकासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या निर्मितीतून येथे फौंड्री, लेथ, बोअरिंग व क्रँक ग्राइंडिंग यांचे जाळे उभे राहिले. शिवाजी उद्यमनगर हे त्याचे जुने केंद्र. म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार यांची नावे या परंपरेशी आदराने जोडली जातात. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत हा व्यवसाय विस्तारला. लायनर (सिलिंडरचे आतील अस्तर), पिस्टन व हेड यांचे काम एकाच पेठेत होण्याची ही सोय महाराष्ट्रात फार थोड्या शहरांना लाभली आहे.

पंपाचा स्क्रू : पूर्ण भाराला किती डिझेल जाईल हे ठरविणारा पंपाचा फुल-लोड स्क्रू फिरवून डिझेल वाढविणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काही मेस्त्री तो सरसकट वर्ज्य मानतात, तर काहींच्या मते चढावर किंचित धूर दिसेपर्यंत वाढ चालते. पंप मूळ मापापेक्षा कमी डिझेल देत असेल तर दुसरे मत खरे ठरते; एरवी पहिलेच अधिक विश्वसनीय. धुराच्या मर्यादेपलीकडे घातलेले डिझेल थोडी ओढ देते, पण एक्झॉस्टचे तापमान चढते, पिस्टनचा माथा तापतो आणि न जळलेले इंधन लायनरवरील तेल धुऊन काढते. गगनबावड्याच्या लांब चढावर हा परिणाम शहरातल्या चाचणीपेक्षा कितीतरी तीव्र असतो.

टर्बो : हवा वाढविण्याचा खरा मार्ग. ०.६ बार दाब दिल्यास ३० अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना सुमारे ९० अंशांवर जाते. म्हणून ही हवा थंड करणारा इंटरकूलर शोभेचा नाही. प्युजो इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर २२ च्या आसपास असल्याने अतिरिक्त दाबाचा भार हेड गॅसकेट व बेअरिंगवर लवकर येतो. त्यावर दाब माफकच ठेवावा. डीआय ब्लॉक हा भार अधिक सहजपणे पेलतो, याचे प्रमाण कारखान्यानेच दिले आहे : त्याच २,५२३ घ. सेंमी.च्या टर्बो आवृत्त्या बोलेरो व पहिल्या पिढीच्या थार डीआयमध्ये आल्या. टर्बोला स्वच्छ तेलाचा स्वतंत्र पुरवठा, तेल सहज उतरेल असा जाड परतीचा पाइप, सुदृढ रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या वाटेत टर्बोच्या आधी बसविलेला तापमापक हवा. तापमान सुमारे ७०० अंशांवर गेल्यास पाय काढावा. थकलेल्या इंजिनावर टर्बो बसविणे म्हणजे केवळ त्याचा शेवट जवळ आणणे.

गिअर व टायर : रस्त्याला मिळते ती इंजिनाची शक्ती नव्हे, चाकाची ओढ. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की ओढ सुमारे नऊ टक्के घटते. रुंद, उंच टायर घालून नंतर इंजिनाला दोष देणे हे उलटे गणित आहे. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपच्या ५.३८ गुणोत्तराच्या (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या) अ‍ॅक्सलला मूळ ६.००-१६ टायर लावल्यास घाटात अनेकदा दुसऱ्या उपायाची गरज उरत नाही.

इंजिन बदल : प्युजोच्या ठिकाणी टर्बो डीआय बसविल्यास कागदावर फरक नगण्य दिसतो : ६२ ऐवजी ६३ अश्वशक्ती. परंतु ही ६३ अश्वशक्ती ३,२०० फेऱ्यांना मिळते. कमाल शक्तीच्या बिंदूवरील टॉर्क (फिरविण्याचा जोर) प्युजोत सुमारे ९८, तर डीआयमध्ये सुमारे १४० न्यूटन-मीटर येतो आणि चढावर जाणवतो तो हाच फरक. त्याची किंमतही द्यावी लागते. ५.३८ च्या अ‍ॅक्सलवर ३,२०० फेऱ्यांना सरळ टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ८० किमी.च्या आसपास अडते, त्यामुळे अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलावे लागते. वाढलेल्या टॉर्कला जुना क्लच व गिअरबॉक्स पुरेसे आहेत का, हेही तपासावे. जुन्या ड्रम ब्रेकची दुरुस्ती इंजिनाच्या आधी व्हावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. इंजिन बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी व नवा इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकात आणि विम्यात चढवून घ्यावा.