सोनटक्का की हळद? आणि थंडीत पानं पिवळी पडली तर काय समजायचं?

वैशाखात वहिनींनी माहेरून पिशवीभर कंद आणले, सोनटक्क्याचे म्हणून. न्हाणीमागच्या ओलसर जागेत लावले. पावसात पानं तरारून वर आली आणि गौरी यायच्या दोन दिवस आधी फूलही दिसलं. वहिनींनी हाक मारली, "भावोजी, हे बघा. फूल आलंय, पण वासच नाही. आणि हे असं पानांच्या पोटात का लपलंय?"

ती हळद होती. फसण्यात वहिनींची काही चूक नव्हती. दोन्ही झाडं आल्याच्या कुळातली, दोन्ही पावसाबरोबर उगवतात, दोन्हींना भाद्रपदाच्या सुमारास फूल येतं. शिवाय दोन्ही मुख्यतः कंदांवर पसरतात आणि एका परड्यातून दुसऱ्या परड्यात हातोहात जातात. हळदीला तर दुसरा मार्गच नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बी धरत नाही, म्हणून आपल्या दारातली हळद कुणीतरी दिलेल्या कंदातूनच आलेली असते.

फूल आलं असेल तर ओळख सोपी. सोनटक्क्याचं फूल काठीच्या शेंड्यावर, सगळ्या पानांच्या वर येतं. पांढरं, फुलपाखरासारखं, संध्याकाळी उमलतं आणि त्याच्या वासाने अंगण भरून जातं. एक फूल दीड दिवसात मलूल होतं, पण शेंड्यावरच्या हिरव्या कणसातून रोज नवं निघत राहतं. हळदीचा तुरा पानांच्या मधोमध, खालून वर येतो. खालचे भाग हिरवट, वरचे पांढरे, कधी टोकाला गुलाबी झाक. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते छद असतात, म्हणजे फुलाला आधार देणारी पानंच. खरी फुलं त्यांच्या खिशांतून डोकावणारी, लहान, फिकट पिवळी. तुरा कित्येक दिवस टिकतो, पण सोनटक्क्यासारखा घमघमत नाही.

फूल नसेल तर पानांची मांडणी बघा. सोनटक्क्याची उंच काठी होते, कधी पाच-सहा फूट, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना अरुंद पानं ओळीने लागतात. त्यांना देठ जवळजवळ नसतोच. हळदीची पानं रुंद, लांब देठाची, जमिनीलगतच एकत्र उगवतात आणि झाड साधारण तीन फुटांवर थांबतं. हळदीचं पान चुरगाळलं की पातोळ्यांचा वास येतो. नागपंचमीला उकडीच्या वाफेबरोबर घरभर पसरतो तोच. तो ओळखायला कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. (कर्दळीच्या पानाला वास नसतो, त्यामुळे तिची गल्लत फार वेळ टिकत नाही.)

सगळ्यात खात्रीची खूण मात्र जमिनीखाली आहे. कंद नखाने खरवडा. आत केशरी-पिवळा निघाला तर हळद, पांढुरका निघाला तर सोनटक्का. यात एकच अडचण, आंबेहळदही आतून फिकी असते. पण तिला कच्च्या कैरीचा वास येतो.

आता थंडीची गोष्ट, कारण खरं नुकसान तिथेच होतं.

मार्गशीर्षात वहिनींच्या हळदीची पानं पिवळी पडली. झाडाला पाणी कमी पडतंय असं वाटून त्यांनी रोज दोन बादल्या ओतायला सुरुवात केली. मी संक्रांतीला गेलो तेव्हा आळं चिखल झालेलं, आणि उकरल्यावर तीन गड्डे हातात मऊ लागले. कंदकुज. फार वाईट वाटलं, कारण झाड आजारी नव्हतंच. त्याचं वर्षाचं काम संपलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर थंडीने झाड मरण्याची भीती जवळजवळ नाही. हिमकण पडत नाहीत. जानेवारीतही रत्नागिरीचं सरासरी किमान तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असतं. इथे प्रश्न पाण्याचा आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग जमीन सुकत जाते. हळदीने याच चक्राशी जुळवून घेतलंय. आठ-नऊ महिन्यांत कंद भरतो, पानं आपणहून वाळतात आणि ती जमिनीखाली झोपते. तेव्हा पाणी तोडायचं. पानं पूर्ण वाळली की खणायचं, हळकुंडं वेगळी काढायची, आणि बेण्याचे गड्डे सावलीत, हवेशीर जागी ठेवायचे. खणायचं नसेल तरी चालतं. कोरड्या मातीत कंद तसाच राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो.

सोनटक्क्याचं उलट. त्याला झोपायलाच हवं असं नाही. विहिरीच्या दोणीजवळ, पाटाच्या कडेला, न्हाणीचं पाणी मुरतं तिथे तो भर थंडीतही हिरवा असतो. कोरड्यात लावला तर पानं करपतात, पण कंद सहसा जिवंत राहतो. एक गोष्ट मात्र पुष्कळांना घाबरवते: फुलून झालेली काठी पिवळी पडते आणि मरतेच, पाणी कितीही घाला. ती काठी पुन्हा फुलत नाही. जमिनीलगत कापून टाका. बाजूला नवे कोंब येतात, पुढच्या वर्षीची फुलं त्यांच्यावर.

वहिनींना मी खरा सोनटक्का नेऊन दिलाय, दोन-दोन डोळ्यांचे तुकडे करून, त्याच न्हाणीमागे. हळद तिथून हलवली. तिचे वाचलेले गड्डे माळ्यावर पेंढ्यात आहेत, पहिल्या पावसाला आगरात माडांखाली जातील. सोनटक्क्याचे तुकडे असे महिनोन्‌महिने कोरडे ठेवता येत नाहीत, सुकून जातात. म्हणून कुणी दिले की त्याच दिवशी लावा.