सुपीक मुलखात उपाशी फौज

अमेरिकेचं ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, डिसेंबर 1777 मध्ये, सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनची अकरा-बारा हजारांची फौज फिलाडेल्फियाजवळच्या व्हॅली फोर्जला मुक्कामाला आली. 23 तारखेला त्याने काँग्रेसला, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कळवलं की, 2,898 सैनिक केवळ जोडे आणि कपडे नाहीत म्हणून कामाला येऊ शकत नाहीत. पुढच्या सहा महिन्यांत सुमारे 2,000 जण दगावले, बहुतेक टायफस, हगवण अशा रोगांनी.

व्हॅली फोर्ज ज्या पेनसिल्व्हेनियात आहे, तो गव्हाचा, गाईगुरांचा मुलूख, आणि तिथे दुष्काळही पडला नव्हता. माझ्या मते त्या हिवाळ्याची गोष्ट थंडीपेक्षा हिशेबाच्या वह्यांतून नीट कळते.

काँग्रेसने नोव्हेंबर 1775 मध्येच शिधा ठरवून दिला होता. माणशी रोज एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, एक पिंट दूध. शिवाय आठवड्याला तीन पिंट वाटाणे किंवा घेवडा. भुकेल्या माणसाला पुरेल असाच हा आहार होता. ही खरेदी सांभाळायचा जोसेफ ट्रंबल. पण सरकारी पैसा कुठेतरी मुरतोय या संशयाने काँग्रेसने जून 1777 मध्ये खरेदी आणि वाटप ही दोन खाती वेगळी केली, हाताखालचे अधिकारी स्वतः नेमायला सुरुवात केली आणि दलालीऐवजी ठरावीक पगार लावला. वहीत काय लिहायचं? जनावर कुणाकडून घेतलं, कुठे घेतलं, किती घेतली, रंग कोणता, अंगावर खुणा कोणत्या! ऐन मोहिमेत कळप हाकत निघालेल्या माणसाने हे भरायचं होतं. ट्रंबलने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, त्याच्या तालमीत तयार झालेली माणसंही पांगली.

नोव्हेंबरात वाहतूक आणि तळाची व्यवस्था पाहणारा थॉमस मिफ्लिनही गेला आणि ती जागा मार्चपर्यंत रिकामी राहिली. गाड्या नाहीत, घोड्यांना चारा नाही. ओझं कमी व्हावं म्हणून गाडीवान खारवलेल्या मांसाच्या पिंपांतलं मिठाचं पाणी ओतून देत. छावणीत पोचेपर्यंत मांस नासलेलं असे. शेतकरीही फिलाडेल्फियातल्या ब्रिटिशांना माल विकायचे, कारण तिथे खणखणीत नाणं मिळे.

1778 मध्ये नॅथनेल ग्रीनने वाहतुकीची आणि जेरेमाया वॉड्सवर्थने खरेदीची जबाबदारी घेतली. काँग्रेसने दलाली परत आणली आणि फौजेला खायला मिळू लागलं. दलालीतही खोट होतीच. भाव जितका चढेल तितकी खरेदीदाराची कमाई वाढते. तरीही, कुणावरच विश्वास न टाकणारी वही त्याहून महाग पडली, असं मला ठामपणे वाटतं.

पगाराची कथा याहून जिव्हारी लागणारी. साध्या शिपायाला महिना 6⅔ डॉलर, तेही थकलेले आणि काँग्रेसने छापलेल्या कागदी नोटांत. मार्च 1780 मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा असा दर मान्य केला. म्हणजे महिन्याचा पगार चांदीच्या जेमतेम 17 सेंटांवर आला. 1 जानेवारी 1781 ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. त्याच वर्षी यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईकडे निघालेल्या सैनिकांना एका महिन्याचा पगार नाण्यांत देण्यासाठी अर्थप्रमुख रॉबर्ट मॉरिसला फ्रेंचांकडून उसनं घ्यावं लागलं.

युद्ध संपल्यावर फौजेच्या पगाराचा हिशेब पाहणाऱ्या जॉन पिअर्सच्या कचेरीने प्रत्येकाचा हिशेब लावला आणि थकबाकीची प्रमाणपत्रं दिली. घरी परतलेल्या, हातात दमडी नसलेल्या अनेकांनी ती सटोडियांना किरकोळ किमतीत विकली. 1790 मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने हे कर्ज सरकारने पूर्ण फेडावं असा आग्रह धरला. पैशांतला काही वाटा मूळ सैनिकाला मिळावा, ही प्रतिनिधी जेम्स मॅडिसनची सूचना प्रतिनिधीगृहाने 36 विरुद्ध 13 मतांनी फेटाळली. कागद ज्याच्या हातात, पैसे त्याचे.