डिस्ने वर्ल्डला तीन पिढ्या एकत्र: मुक्कामाचं बुकिंग करण्याआधी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत आठ-नऊ माणसं निघाली की पहिला प्रश्न येतो, "खोल्या किती घ्यायच्या?" आमचा आग्रह असा की आधी बाथरूम मोजा, मग बंद होणारी दारं, आणि पलंग सगळ्यात शेवटी. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी आवरायचं असतं. रात्री लहानगं झोपलेलं असतं आणि मोठ्यांना दिवा लावून बसायचं असतं. घरातल्या कुरबुरी तिथूनच सुरू होतात, पलंग कमी पडल्यामुळे क्वचितच.

डिस्नेच्या रिझॉर्टचे, स्वस्तातून महागाकडे, ढोबळ प्रकार चार: व्हॅल्यू, मॉडरेट, डिलक्स आणि डिलक्स व्हिला. व्हॅल्यूतली साधी खोली चार जणांची. पॉप सेंच्युरी या व्हॅल्यू रिझॉर्टमध्ये एक क्वीन पलंग कायमचा आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा असतो. तो खाली आला की खोलीतलं टेबल त्याखाली जातं, म्हणजे रोज रात्री टेबल रिकामं करणं आलं. तीन वर्षांखालचं एक मूल पाळण्यात झोपणार असेल तर त्याला खोलीच्या क्षमतेत धरत नाहीत.

सहा जण असाल तर आर्ट ऑफ ॲनिमेशन या व्हॅल्यू रिझॉर्टचा फॅमिली स्वीट स्वस्तातला चांगला पर्याय आहे. दोन बाथरूम, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, सगळं मिळतं. पण स्वतंत्र बेडरूम एकच असते. उरलेले चौघे बाहेरच्या खोलीत सोफा-बेडवर आणि टेबलातून निघणाऱ्या पलंगावर झोपतात. रात्री आठला झोपणारं मूल बाहेरच्या खोलीत असेल तर आठनंतर बाकीच्यांना बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी मूल आणि आई-बाबांना बेडरूम द्यावी.

आठ-नऊ जणांसाठी आमची पहिली पसंती दोन बेडरूमच्या व्हिलाला. पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र आतच असतं. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये या व्हिलात नऊ जण मावतात आणि बाथरूम चक्क तीन आहेत. बुकिंग करताना एक फरक नीट बघा. 'लॉक-ऑफ' प्रकारात दुसरी बेडरूम म्हणजे स्वतंत्र स्टुडिओच असतो: बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उघडणारं वेगळं दार, छोटी ओटावजा सोय, साधारणपणे एक क्वीन पलंग आणि सोफा-बेड. पहाटे उठून कोणाची झोप न मोडता चहा-कॉफी करून घेणाऱ्या आजी-आजोबांना हा उत्तम. 'डेडिकेटेड' प्रकारात त्या बेडरूममध्ये बहुधा दोन क्वीन पलंग असतात आणि बाहेरचं वेगळं दार नसतं. किशोरवयीन नातवंडांसाठी हा बरा. बारा जण असाल तर तीन बेडरूमचा ग्रँड व्हिला, पण असे व्हिला मोजक्याच रिझॉर्टमध्ये आहेत आणि लवकर संपतात.

हेच व्हिला 'डिस्ने व्हेकेशन क्लब' या डिस्नेच्या सभासद योजनेतल्या एखाद्या सभासदाचे पॉइंट (त्याचा मुक्कामाचा कोटा) भाड्याने घेऊन स्वस्तात मिळतात. बचत खरी आहे, पण असं बुकिंग सहसा रद्द करता येत नाही आणि खोलीची रोज सफाई होत नाही. सोबत तब्येतीची तक्रार असलेलं ज्येष्ठ माणूस असेल तर हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

दोन साध्या खोल्या घ्यायच्या असतील तर 'कनेक्टिंग' आणि 'शेजारच्या' यांत गल्लत नको. कनेक्टिंगमध्ये मधून दार असतं. शेजारच्या खोलीत जायला कॉरिडॉरमध्ये यावं लागतं. कनेक्टिंग खोली पक्की मिळाली आहे की फक्त विनंती नोंदवली आहे, हे कन्फर्मेशनवर तपासा. विनंती म्हणजे हमी नव्हे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्टचा मुद्दा सगळ्यात मोठा. कॅरिबियन बीचच्या दुमजली इमारतींना आणि पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइडच्या ॲलिगेटर बायू भागाला लिफ्ट नाही. ओल्ड की वेस्टमध्ये फक्त 62, 63 आणि 64 या इमारतींना आहे. तिथे तळमजल्याची विनंती बुकिंगच्या दिवशीच नोंदवा.

दुपारी खोलीवर परतणं सोपं हवं असेल तर कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही मोनोरेलवरची रिझॉर्ट बघा. कंटेम्पररीहून मॅजिक किंगडम या पार्कला चालतही जाता येतं. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा इथून स्कायलायनरचे, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या केबल कारचे, पाळणे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कना जातात. व्हीलचेअरसाठी तिथे थांबलेल्या पाळण्यात चढायची वेगळी सोय आहे. मात्र विजा चमकू लागल्या की स्कायलायनर बंद ठेवतात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी हे वरचेवर होतं. बसमध्ये स्ट्रोलर घडी घालून न्यावा लागू शकतो. मोनोरेल आणि स्कायलायनरमध्ये सहसा तशी गरज पडत नाही.

तारखांचा हिशेब असा. फक्त खोली घेतली तर एका रात्रीचं भाडं आधी भरावं लागतं आणि किमान 6 दिवस आधी रद्द केल्यास ते परत मिळतं. खोली आणि तिकिटं एकत्र पॅकेजमध्ये घेतली तर डिपॉझिट 200 डॉलर, आणि बाकीची रक्कम आगमनाच्या 30 दिवस आधी. त्यानंतर रद्द केल्यास पैसे कापले जातात. जाहिरातीतल्या भाड्यावर बहुतेक रिझॉर्टमध्ये 12.5 टक्के कर लागतो, तो धरूनच तुलना करा.

रिझॉर्टमध्ये राहणाऱ्यांना रेस्टॉरंटचं आरक्षण आगमनाच्या 60 दिवस आधी, मुक्कामातल्या पहिल्या 10 दिवसांसाठी एकदम करता येतं. लाइटनिंग लेन मल्टी पास (राइडच्या छोट्या रांगेतून जाण्याचा, पैसे भरून घ्यायचा पास) 7 दिवस आधी खुला होतो. हे दोन्ही दिवस आगमनाच्या तारखेवरून ठरतात. म्हणून दोन खोल्या असतील तर दोन्हींची आगमनाची तारीख एकच ठेवा, नाहीतर अर्ध्या कुटुंबाला स्लॉट मिळतो आणि अर्ध्याला नाही. नऊ जणांचं टेबल मिळेना तर एकाच वेळेची पाच आणि चार जणांची दोन टेबलं बघा.

प्रत्येकाचं नाव त्याच्या खोलीच्या बुकिंगवर असलंच पाहिजे. पार्कमध्ये सकाळी अर्धा तास लवकर प्रवेश त्यावरच मिळतो. सगळी बुकिंग आणि तिकिटं डिस्नेच्या ॲपमध्ये एकाच माणसाच्या यादीला जोडून घ्या.

पोहोचण्याच्या दिवशी साध्या खोल्या दुपारी 3 वाजता आणि व्हिला 4 वाजता मिळतात. निघताना सकाळी 11. रात्रभर विमानात बसून आलेल्या ज्येष्ठांना लॉबीत ताटकळावं लागू नये म्हणून विमानाची वेळ शक्यतो दुपारची निवडा. विमानतळावरून नेणारी डिस्नेची मोफत बस जानेवारी 2022 पासून बंद आहे, तेव्हा गाडी आधीच ठरवावी लागते. नऊ माणसं आणि त्यांचं सामान एका व्हॅनमध्ये मावत नाही, हे धरून चाला.

बुकिंगसाठी आमच्याकडे येताना आगमनाच्या तारखेला प्रत्येकाचं वय किती असेल ते लिहून आणा. सोबत जिने कोणाला चढवत नाहीत, व्हीलचेअर कोणाला लागेल, फ्रिजमध्ये ठेवायची औषधं कोणाची आहेत आणि घरात सगळ्यात आधी कोण झोपतं, हेही कळवा.