एका कॅमेऱ्याने स्टिरिओ व्यक्तिचित्रण

साध्या, एका भिंगाच्या कॅमेऱ्याने एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे घ्यायची, दुसरे घेताना कॅमेरा किंचित बाजूला सरकवायचा, आणि मग डावे चित्र डाव्या डोळ्याला व उजवे उजव्या डोळ्याला दाखवून चेहऱ्याचा उठाव अनुभवायचा, अशी ही पद्धत आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ ते ६५ मिमी. अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना चेहरा थोडा वेगळा दिसतो आणि या फरकावरून, म्हणजे पराशयावरून, मेंदू खोली ताडतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे तत्त्व मांडले. छायाचित्रणाची कला तेव्हा जाहीर व्हायची होती. त्यांनी रेखाचित्रांवर काम भागवले. पुढे त्यांच्याच विनंतीवरून हेन्री कॉलेन यांनी १८४१ मध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांची स्टिरिओ छबी टिपली. एकच कॅमेरा समांतर भुजांच्या चौकटीवर झटकन सरकवण्याची युक्ती लॅटिमर क्लार्क यांनी १८५३ मध्ये मांडली. मँचेस्टरचे जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८५६ मध्ये दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचे एकस्व (पेटंट) घेतले.

कॅमेरा किती सरकवायचा, याचा ठोकताळा सोपा आहे: सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. माणूस दोन मीटरवर असेल तर साडेसहा सेंटिमीटर, सव्वा मीटरवर असेल तर जेमतेम चार. यापेक्षा फार जास्त सरकवले तर नाक पुढे येते आणि माणूस बाहुलीएवढा भासू लागतो.

खरी कसोटी मात्र दोन चित्रांमधल्या वेळेची असते. इमारत थांबते, माणूस श्वास घेतो. तेवढ्यात पापणी लवली, बट हलली, ओठांची कड बदलली, की दोन्ही डोळ्यांना न जुळणाऱ्या गोष्टी दिसतात आणि तेवढा भाग झगझगतो. म्हणून बसणाऱ्याला पाठ टेकायला खुर्ची द्यावी, हात मांडीवर ठेवायला सांगावे. भरघोस हसू टाळलेले बरे. ते क्षणभरही सारखे राहत नाही.

त्याहून महत्त्वाची सूचना नजरेची. ‘कॅमेऱ्याकडे बघा’ असे कधीच म्हणू नये. भिंग सरकले की बसलेला माणूस नकळत मान त्याच्यामागे वळवतो. मान कॅमेऱ्याइतकीच वळली तर दोन्ही चित्रांत चेहरा सारखाच येतो आणि मागची भिंत खोल दिसत असताना चेहरा तेवढा कागदासारखा सपाट पडतो. म्हणून भिंतीवरचा एखादा खिळा किंवा दाराची कडी दाखवून ‘तिथेच बघत राहा’ असे सांगावे.

याच्या उलट, कॅमेरा जागचा न हलवता माणसालाच सुमारे दोन अंश वळवण्याचीही रीत आहे. पार्श्वभूमी कोरी असेल तर ती चालते, पण प्रकाश चेहऱ्यावरून सरकतो आणि सावल्या जुळत नाहीत.

कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) नसेल तर छायाचित्रकार पाय न उचलता शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्यावर नेतो. मोबाइल असेल तर तो टेबलावर पुस्तकाच्या कडेला टेकवून सरळ सरकवत व्हिडिओ घ्यावा आणि त्यातून दोन चौकटी (फ्रेम) निवडाव्यात. भिंगापुढे आरशांची जोडणी बसवली तर एकाच चौकटीच्या दोन अर्ध्या भागांत दोन्ही चित्रे एकाच क्षणी मिळतात. मूल मांडीवर असेल तर हाच मार्ग भरवशाचा.

डावे-उजवे चित्र चुकून उलटे लागले तर खोली उलटते. गंमत अशी की नाक आत गेलेले मेंदू सहसा मान्यच करत नाही, चेहरा बाहेरच आलेला पाहतो. चूक लक्षात येते ती केसांवरून आणि खांद्यापुढे आलेल्या भिंतीवरून.