इन्सर्ट इअरफोन : श्रवणचाचणीसाठी निवड

इन्सर्ट इअरफोन हे श्रवणमापनाचे उपकरण असून त्याचा ध्वनी लवचिक नळीतून फोमच्या बोंडीद्वारे थेट कर्णनलिकेत पोचतो. मीड किलियन यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या इटिमॉटिक रिसर्च या कंपनीचे ईआर-३ए हे त्याचे सर्वपरिचित रूप होय.

कोकणात हेडफोन की इन्सर्ट या निवडीचा प्रश्न पावसाळ्यात विशेष जाणवतो. पत्र्याच्या किंवा कौलारू छपराखाली भरलेल्या तपासणी शिबिरात सरींचा आवाज मंद स्वर झाकून टाकतो. कानावर बसणाऱ्या हेडफोनपेक्षा खोल बसवलेली फोमची बोंडी हा गोंगाट बराच अधिक अडवते. शिवाय हेडफोनच्या दाबाने कर्णनलिका मिटून चुकीचा दोष दिसण्याची शक्यता राहत नाही. एका कानाचा ध्वनी दुसऱ्या कानात पोचण्याची मर्यादा हेडफोनच्या बाबतीत ४० डेसिबेलच्या आसपास असते, तर इन्सर्टमध्ये ती, विशेषतः खालच्या कंप्रतांवर, बरीच वाढते, त्यामुळे मास्किंगची, म्हणजे दुसऱ्या कानात गोंगाट सोडून त्याला चाचणीबाहेर ठेवण्याची, गरज कमी पडते. मात्र त्याच दमट हवेत कानात बुरशी होण्याचे प्रमाणही वाढते, आणि स्राव वाहणाऱ्या किंवा बुरशी असलेल्या कानात बोंडी घालू नये. घरोघरी कानात खोबरेल घालण्याची सवय असल्याने तेल व मळ नळीच्या तोंडाशी साचतो. म्हणून आधी ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने) कान पाहणे ही औपचारिकता समजू नये.

संशोधनात निकष बदलतात. ईआर-३ए चा प्रतिसाद ४ किलोहर्ट्झच्या पुढे घसरत जातो. कर्णपटलाशी सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद हवा असेल, तर त्याच कंपनीचा ईआर-२ इअरफोन अधिक योग्य ठरतो. मेंदूस्तंभाच्या श्रवण प्रतिसादाची, म्हणजे ध्वनी ऐकल्यावर मेंदूस्तंभात उमटणाऱ्या विद्युत् लहरींची, नोंद घेताना नळीमुळे ध्वनी सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ही त्रुटी नव्हे, तर सोयच आहे, कारण त्यामुळे उपकरणामुळे नोंदीत मिसळणारा विद्युत् अडथळा प्रतिसादापासून वेगळा काढता येतो. प्रत्येक लहरीच्या काळातून तेवढा विलंब वजा करावा लागतो, आणि नळी कापून आखूड केल्यास हा हिशेब चुकतो.

ऑडिओमीटरचे (श्रवणचाचणीचे स्वर देणाऱ्या यंत्राचे) अंशशोधन ठरावीक इअरफोनच्या जोडीसाठी केलेले असते. इन्सर्टसाठीचे संदर्भमूल्य आयएसओ ३८९-२ (१९९४) या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये दिले असून ते हेडफोनच्या मूल्यांहून वेगळे आहे. त्यामुळे नुसती जोडी बदलून चाचणी सुरू ठेवल्यास मिळणारा आलेख ग्राह्य धरता येत नाही.