टू-रूम आणि टू-नॉटविक्ट: मडमध्ये मेसेज नक्की कुणाकुणाला दिसतो

मड म्हणजे अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळायचा, फक्त मजकुरावर चालणारा गेम. त्यातल्याच सर्कलमडचा कोड वाचायला घेतला की टू-रूम आणि टू-नॉटविक्ट या दोन फ्लॅगपाशी (मेसेज कुणाला दाखवायचा हे सांगणाऱ्या खुणा) बहुतेक जण अडखळतात, कारण दोन्ही खोलीतल्या लोकांना मेसेज पाठवतात आणि नुसत्या नावावरून फरक काही लक्षात येत नाही. हे सगळं मूळचं डिकूमडचं, कोपनहेगन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांनी १९९१ च्या सुमारास बाहेर काढलेला गेम, त्यावरून जेरेमी एल्सनने १९९३ मध्ये सर्कलमड केला आणि हे मेसेज पाठवणारं ॲक्ट नावाचं फंक्शन तिथेही तसंच राहिलं.

ॲक्टला तुम्ही वाक्य देता, कोण करतंय ते, कोणती वस्तू, कुणावर, आणि शेवटी हे कुणाला दाखवायचं. टू-चार म्हणजे फक्त करणाऱ्याला, टू-विक्ट (विक्ट म्हणजे व्हिक्टिम) म्हणजे फक्त ज्याच्यावर केलं त्याला, हे सरळ आहे. गोंधळ पुढच्या दोघांचा. टू-रूम करणाऱ्याला वगळतं आणि बाकी सगळ्यांना पाठवतं, *ज्याच्यावर केलं तो पण त्या बाकीच्यांत आला*. टू-नॉटविक्ट त्यालाही वगळतं. आतला लूप एकच आहे हो, खोलीतल्या माणसांवरून फिरणारा, फक्त एक अट जास्तीची.

आता गिव्ह कमांड बघा. देणाऱ्याला ‘तू तलवार दिलीस’, घेणाऱ्याला ‘तुला तलवार मिळाली’, आणि बघणाऱ्यांना ‘अमक्याने तमक्याला तलवार दिली’, म्हणजे टू-चार, टू-विक्ट, टू-नॉटविक्ट असे तीन कॉल. तिसऱ्या जागी टू-रूम टाकलं तर घेणाऱ्याला दोन ओळी दिसतात, एक त्याच्याशी बोलणारी आणि एक त्याच्याबद्दल तिऱ्हाइतासारखी बोलणारी, आणि गेममध्ये आपण खरंच तिथे आहोत ही भावना तिथेच तुटते. उलटं, चोरीच्या कमांडमध्ये टू-नॉटविक्ट लिहिलं आणि टू-विक्टचा कॉल राहून गेला तर सगळ्या खोलीला चोरी दिसते आणि ज्याचा खिसा कापला जातोय त्यालाच काही दिसत नाही, हे तर जास्तच वाईट.

टू-रूम मग कधी? समोर कुणी नसेल तेव्हा. जमिनीवरून वस्तू उचलली, दार उघडलं, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की टार्गेट माणूस असेल तर हात आपोआप टू-नॉटविक्टकडे जायला हवा. ‘कुणावर’च्या जागी दुसरी वस्तू दिली असेल तर दोन्ही फ्लॅग सारखेच वागतात, कारण वस्तू काही त्या लूपमध्ये येत नाही.

आणखी एक गोष्ट लोक यातच मिसळतात, ती म्हणजे करणारा अदृश्य असेल तर काय करायचं ते सांगणारा वेगळा फ्लॅग. तो ट्रू असला की ज्यांना करणारा दिसत नाही त्यांना मेसेजच जात नाही, फॉल्स असला की जातो पण नावाच्या जागी ‘कुणीतरी’ येतं. पण ही तपासणी फक्त या दोन खोलीवाल्या फ्लॅगना लागू आहे, टू-विक्टवर तिचा काहीच परिणाम नाही, त्यामुळे अदृश्य चोर पकडला गेला तर ज्याला लुटत होता त्याला ‘कुणीतरी’ असं दिसणारच, आणि ते बरोबरच आहे.

झोपलेल्याला यातलं काहीच जात नाही, टू-स्लीप सोबत जोडलं तरच जातं. वेक (झोपलेल्याला उठवायच्या) कमांडमध्ये उठवलेल्याला पाठवताना ते जोडलेलं आहे, नाहीतर आपल्याला कुणी उठवलं हे त्याला कळलंच नसतं.

टेस्ट करताना तीन कॅरेक्टर लॉगिन करा, करणारा, ज्याच्यावर करायचं तो, आणि नुसता बघणारा. दोघांवर भागवलं तर डबल ओळ दिसेल खरी, पण बघ्यांना काय जातंय आणि जातंय की नाही हे तपासायला कुणीच उरत नाही. आणि एकदा स्वतःवरच हील (बरं करणारा मंत्र) मारून बघा, कारण तेव्हा करणारा आणि टार्गेट एकच असतो, टू-चार आणि टू-विक्ट दोन्ही त्याच्याकडेच येतात, त्यासाठी वेगळी अट तुम्हालाच लिहावी लागते.